मालकाच्या पोटातले बटाटे

बाबांची कोंबडी चोरीला गेली तो मुक्कामाचा दुसरा दिवस होता.

कोंबडी प्लास्टरची. बाबांनी बारा वर्षांपूर्वी स्वतः घडवलेली, भाजलेल्या रंगाची, दोन्ही तंगड्या वर. दुसऱ्या अंकात मालक जेवायला बसतो तेव्हा ती थाळीत असायची, शेजारी लाकडी पाव आणि मेणाची द्राक्षं. बारा वर्षांत तिला प्रेक्षकांपैकी कुणी हात लावला नव्हता. शेवटच्या रांगेतून ती खरी दिसायची, पहिल्या रांगेतून प्लास्टरची, पण पहिल्या रांगेतली माणसं सभ्य असल्यामुळं तसं बोलायची नाहीत.

सकाळी ती वजनकाट्यामागच्या खडीत सापडली. एक तंगडी अर्धी, छातीवर दातांचे ठसे. एका ठशात तर दातच होता, रुतून बसलेला.

बाबांनी तो सुईनं काढला, सदऱ्याला पुसला, उन्हात धरला.

"माणसाचा आहे," ते म्हणाले.

"मग काय कुत्र्याचा?" आई म्हणाली. "कुत्र्याला वास कळतो."

बाबांनी दात कागदात गुंडाळून रंगाच्या डबीत ठेवला. वस्तू ज्याची त्याला परत द्यायची, हा कंपनीचा नियम होता. कंपनी म्हणजे आम्ही पाच जण. बाबा मालक व्हायचे, म्हणजे खेळातले. दादा नायक, ढोलवाला आणि टेम्पोचा ड्रायव्हर. वहिनी गरीब आई. आमची आई दारावर तिकिटं घ्यायची आणि आतले सगळे कपडे शिवायची. मी मालकाचा नोकर, पोस्टमन आणि विंगेतला कुत्रा. कुत्रा दिसत नाही, फक्त भुंकतो. माझी तीच भूमिका लोकांना सगळ्यात खरी वाटते.

गाव दगडखाणीचं होतं. खाण चार महिने बंद. कुठलातरी मोठा रस्ता व्हायचा होता तो व्हायचा राहिला, त्यामुळं खडी पडून, क्रशर पडून, माणसंही पडूनच. झाडांच्या पानांवरची दगडाची भुकटी मात्र अजून तशीच होती. पाऊस नव्हता, ती धुणार कोण? आम्ही वजनकाट्याच्या पटांगणात तंबू ठोकला. जमीन अशी की खुंटी ठोकताना घण परत कपाळाकडं यायचा. एका खुंटीला पाऊण तास. दादाच्या तळहातांची सालं निघाली, माझी पाठ पहिल्या दिवशी वाकली ती मुक्काम संपेपर्यंत तशीच राहिली. नोकराच्या भूमिकेला ते बरं पडलं.

खाणीबरोबर वीजही गेलेली, म्हणून खेळ दुपारी चारला. तंबूत भट्टी. बाबांच्या तोंडावरचा रंग दुसऱ्या अंकापर्यंत गळ्यात उतरायचा आणि मालक तोंडानं गरीब व गळ्यानं श्रीमंत दिसायचा.

पैसे कुणाकडंच नव्हते. आईनं दारावर खडूनं दर लिहिले. माणशी एक अंडं. पोराला दोन कांदे. भोपळा असेल तर आकार बघून कुटुंब. बटाटे अर्धा शेर. सरपण चालणार नाही असं लिहिलं होतं, पण तेही चालायचं.

पहिल्याच दिवशी एक आजी आली. एका डोळ्यावर पांढरा पडदा. खडी फोडताना कपची उडून तो डोळा गेला होता. तिनं एक अंडं पुढं केलं आणि तिथंच उभी राहिली.

"आजी, जा की आत," आई म्हणाली.

"अर्धं परत दे."

"का म्हणून?"

"मला एकाच डोळ्यानं दिसतं. दोन डोळ्यांवाल्यांना एक अंडं, मग मला अर्धं. हिशेब बघ तुझा."

आईनं हिशेब बघितला. त्यात खोट सापडेना. मग तिनं अंडं उकडलं, सोललं, शिवणाच्या दोऱ्यानं मधोमध कापलं आणि अर्धं परत दिलं. तोवर पहिला अंक संपला होता. आजी म्हणाली, मग पहिल्या अंकाचं पाव परत दे. तिथं आई हात जोडून उभी राहिली.

आमची अडचण वेगळीच होती. वहिनीचे दिवस भरत आले होते. गावात आठवड्याला सायकलवरून येणाऱ्या नर्सबाईंनी मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी तिचं पोट चाचपलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाळ आडवं आहे. इथं काही करू नका. आठ दिवसांच्या आत मोठ्या दवाखान्यात जा."

मोठा दवाखाना नव्वद किलोमीटर. टेम्पोच्या टाकीत दादानं काठी घातली, काठी कोरडी आली. पंपावर डिझेलला अंडी चालत नव्हती. पंपवाला दादाला म्हणाला, "कोंबडी असती तर विचार केला असता." दादानं आमच्या कोंबडीचा विचार केला, पण तिला दीडच तंगडी होती.

"आठ दिवस म्हणजे पुष्कळ झाले हो," वहिनी म्हणाली. ती खाली बसताना एक हात जमिनीला लावायची आणि उठताना दोन. "भावजी, तुम्ही उगाच तोंड पाडू नका. तुम्ही विनोदी आहात."

तिसऱ्या दिवसापासून थाळीत खरं जेवण आलं. बाबांना फुटकी कोंबडी चालेना. श्रीमंत माणूस अर्धी तंगडी ताटात घेईल का, असं त्यांचं म्हणणं. मग आई दारावर जे जमेल ते शिजवायची: उकडलेली अंडी, भोपळ्याच्या फोडी, कांदे घालून भात. आमचं रात्रीचं जेवण आधी स्टेजवर जायचं आणि मग आमच्याकडं यायचं. बाबांनी एकच घास खायचा. पुढं गरीब आई दारात येते, मालक तिला हाकलतो आणि थाळी कुत्र्याला घाला म्हणतो. मी विंगेतून भुंकायचं, हात बाहेर काढून थाळी आत ओढायची. जेवण शाबूत. सोय उत्तम होती.

दारावर आलेल्या बटाट्यांची सोयही आईनं केली. कोंबडी गेल्यापासून तिचा कुठल्याच पेटीवर भरवसा राहिला नव्हता. मालक होताना बाबा कोटाखाली खोटं पोट बांधायचे; त्यातला कापूस काढून तिनं बाळाची गादी शिवली होती, त्यामुळं पोट रिकामंच होतं. त्यात तिनं बटाटे भरले.

"तुमचं पोट तेवढं कुणी चोरणार नाही," ती बाबांना म्हणाली.

"टोचतंय."

"श्रीमंती टोचतेच."

बाबा बटाट्यांसकट चालले तेव्हा प्रथमच त्यांची चाल मालकासारखी झाली. बत्तीस वर्षं त्यांना ती साधत नव्हती.

खेळ मात्र फसला. बाबांनी पहिला घास घेतला आणि तिसऱ्या रांगेतून एक बाई म्हणाली, "माझा भोपळा आहे तो."

"कशावरून?"

"फोडीवर डाग आहे ना. मीच तोडला वेलीवरून."

मग सगळेच ताटात डोकावू लागले. वहिनी दारात येऊन म्हणाली, "मालक, दोन दिवसांत पोटात अन्नाचा कण नाही." एरवी इथं बायका डोळे पुसायच्या. आज कुणाचं लक्षच नव्हतं. बाबा गरजले, "घाला ही थाळी कुत्र्याला!" मी भुंकलो, हात काढला. तंबूत एकदम कालवा.

"अरे, माझी अंडी कुत्र्याला?"

"आम्ही घरात उपाशी, आणि यांचं कुत्रं बघा!"

"कुत्रं दाखवा आधी! केवढं आहे ते?"

मी आणखी जोरात भुंकलो, मोठं कुत्रं वाटावं म्हणून. त्यानं प्रकरण वाढलं.

दुसऱ्या दिवशी दारावर निम्मी माणसं. आली त्यांनीही अंडी हलवून हलवून दिली; दोन नासकी निघाली. पहिल्या रांगेत खाणीतला सुरुंगवाला रोज बसायचा. खडकात भोकं पाडून दारू भरणारा, धिप्पाड, आता हाडं उरलेला. तिकिटाला तो एक कांदा द्यायचा आणि संपूर्ण खेळभर उजवा गाल हातात धरून बसायचा. बाबा स्टेजवरून त्याच्या गालाकडं बघायचे. तो थाळीकडं बघायचा.

पाचव्या दिवशी मुकादम आला. खाण बंद असली तरी मुकादम चालू होता. कार्यालयाच्या खिडकीत तो एकटा बसायचा. त्याच खिडकीतून पूर्वी आठवड्याचा पगार मिळायचा. तो आला, दुसऱ्या अंकातल्या मालकाच्या खुर्चीवर बसला. खुर्ची खोटी आहे हे आम्ही सांगायच्या आत तिचा एक पाय निघाला. उठून उभं राहूनच तो बोलला.

"खेळ चांगला आहे. पण तुमचा तो मालक फार वाईट आहे."

"खेळातला आहे," बाबा म्हणाले.

"ते मला कळतं. यांना कळतं का? रोज इथून बाहेर पडतात आणि माझ्या खिडकीकडं बघत जातात. मालक शहरात असले तरी त्यांच्या कानावर सगळं जातं. त्याला जरा माणसात आणा. द्या ना एक थाळी त्या बाईला. काय जातंय तुमचं?"

"बत्तीस वर्षं दिलेली नाही."

"क्रशरच्या जनरेटरचं वीस लिटर डिझेल पडून आहे," मुकादम म्हणाला आणि खुर्चीचा पाय बाबांच्या हातात देऊन गेला.

त्या संध्याकाळी आम्ही पाच जण तंबूच्या सावलीत बसलो होतो. आई कांदे निवडत होती, दादा तळहाताला तेल लावत होता.

"थाळी दिली तर तिसऱ्या अंकात काय करायचं?" बाबा म्हणाले. "तिसऱ्या अंकात मालकाला पश्चात्ताप होतो. आधीच चांगला झाला तर पश्चात्ताप कशाचा?"

"आणखी देईल," दादा म्हणाला.

"म्हणजे तीन अंक देतच बसायचं? नाटक आहे की शिधावाटप?"

"बाबा, टाकी कोरडी आहे."

"आणि खोटं आहे ते. आजवर कुठल्या मालकानं दिली थाळी? लोक हसतील."

"हसू देत की," मी म्हणालो. "विनोदी खेळ म्हणून फिरवू."

माझ्याकडं कुणी बघितलं नाही. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी घालता घालता थांबली, कमरेला हात लावला, दात आवळले आणि कळ गेल्यावर पुन्हा घडी सुरू केली. गरीब आईची फाटकी चादर होती ती. तिची इतकी नीट घडी कुणी घालत नाही.

बाबा बराच वेळ त्या घडीकडं बघत राहिले.

"थाळी द्यायची," ते म्हणाले. "एवढंच ना?"

सहाव्या दिवशी दुपारी तंबू भरला. थाळी कुत्र्याला जाणार नाही, अशी बातमी आईनं दारावरून सोडली होती. अंडी यावीत म्हणून. मुकादम पहिल्या रांगेत, घरून आणलेल्या खुर्चीवर. सुरुंगवाला त्याच्या शेजारी, गाल हातात. एकडोळी आजी अर्धं अंडं वसूल करून आत आलेली. आईनं त्या दिवशी आलेलं सगळं शिजवलं, कारण थाळी भरलेली दिसायला हवी होती. शिवाय मी स्टेजवर एक टोपली ठेवली, उकडलेल्या अंड्यांची आणि भोपळ्याची. श्रीमंताच्या घरात एक टोपली असतेच.

ठरलं होतं असं: वहिनी मागणार, बाबा क्षणभर कचरणार, मग थाळी देणार, वहिनी ती घेऊन विंगेत येणार. जेवण शाबूत.

"मालक," वहिनी म्हणाली, "दोन दिवसांत पोटात अन्नाचा कण नाही."

बाबांनी घास खाली ठेवला. मी सवयीनं भुंकायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"घे," बाबा म्हणाले.

वहिनीनं थाळी घेतली. विंगेकडं वळली. दोन पावलं आली. मग मला तिचा चेहरा दिसला आणि कळलं की ती येणार नाही. ती तिथंच, स्टेजच्या मधोमध, आधी एक हात टेकून खाली बसली आणि खायला लागली.

सावकाश खात होती. घास मोठे. आम्ही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, कंपनीचाच नियम, खेळाआधी पोट हलकं. दादानं ढोलावर हात ठेवला होता, वाजवावं की नाही त्याला समजेना. दीडशे माणसं एका बाईला जेवताना बघत होती. वहिनीच्या भात चावण्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात असावा. टाळी नाही, हुंदका नाही. मुकादमाच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

मग सुरुंगवाला उठला.

तो तीन पायऱ्या चढून स्टेजवर आला आणि वहिनीच्या मागं दोन्ही हात पुढं करून उभा राहिला. पगाराच्या खिडकीशी उभं राहतात तसा. त्याच्या मागं भोपळेवाली बाई आली. तिच्या मागं दोन पोरं. कुणी कुणाला ढकललं नाही. बघता बघता रांग पायऱ्यांवरून खाली, बाकांमधून, तंबूच्या दारापर्यंत गेली आणि दारावर आई म्हणाली, "अहो, एकामागून एक."

बाबांनी माझ्याकडं बघितलं. बत्तीस वर्षांत त्यांनी स्टेजवरून विंगेकडं बघितल्याचं मला आठवत नाही. मी खांदे उडवले. हे कुठल्याच अंकात नव्हतं.

बाबा उठले, टोपली पुढं ओढली. पहिलं अंडं त्यांनी सुरुंगवाल्याच्या हातात ठेवलं.

"मऊ आहे. चावायला सोसेल."

मग कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढून दिली. दात त्यांनी दोन दिवसांपासून खिशात वागवला होता.

"हे तुमचं राहिलं होतं."

सुरुंगवाल्यानं पुडी उघडून बघितली, मिटली, खिशात घातली. "प्लास्टर चांगलं आहे तुमचं," तो म्हणाला. "मी खाणीत असतो तर सुरुंग लावला असता."

"बारा वर्षं झाली त्याला," बाबा म्हणाले.

रांग सरकत गेली. ज्यानं जे आणलं होतं ते बहुतेक त्यालाच मिळालं, फक्त शिजवून. भोपळेवालीनं डाग बघून स्वतःचीच फोड निवडली. टोपली संपली तेव्हा निम्मी रांग उभी होती. बाबा थांबले. रांग थांबली. मग त्यांनी कोटाची बटणं काढली, पोटाची नाडी सोडली आणि आतून एक बटाटा काढला.

तंबूत पहिल्यांदाच कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही.

बाबा पोटातून बटाटे काढून देत होते. एक बटाटा, एक हात. मालक बारीक होत चालला. कोट आधी सैल झाला, मग लोंबायला लागला, मग खांद्यावरून उतरला. रंग गळ्यातून छातीवर आला होता. शेवटच्या दहा माणसांपाशी तिथं आमचे बाबा उभे होते, बरगड्या मोजता येतील असे, हातात जवळजवळ रिकामी पिशवी. समोरच्या दहा जणांच्याही मोजता येत होत्या. कोण देतोय आणि कोण घेतोय हे फक्त दिशेवरून कळत होतं.

सगळ्यात शेवटी एकडोळी आजी. बाबांनी थाळीत बघितलं. वहिनीनं अर्धं अंडं बाजूला ठेवलं होतं. तिनं ते उचलून वर धरलं, बाबांनी आजीला दिलं.

"अर्धंच?" आजी म्हणाली.

"तिकीट अर्धं आहे," आई दारावरून ओरडली.

तिसरा अंक झाला नाही. मागितलाही नाही कुणी. लोक आपापलं तिकीट खात घरी गेले. मुकादम तेवढा थांबला. त्याचा चेहरा दगडाच्या भुकटीसारखा झाला होता.

"चांगला दाखवा म्हणालो होतो," तो म्हणाला. "एवढा नाही."

"डिझेल?" दादा म्हणाला.

"असं कुठं असतं का? खेळ पुरा नाही, तिसरा अंक नाही. डिझेल नाही."

त्या रात्री आम्ही फक्त पाणी प्यायलो. वहिनी मात्र जेवली होती. ती ओशाळून बसली होती.

"मला थांबताच आलं नाही," ती म्हणाली.

"काम चांगलं झालं," बाबा म्हणाले. मग भिंतीकडं तोंड केलं. तंबूला भिंत नसते. त्यांनी कापडाकडं तोंड केलं. उरलेले दिवस दादा बोटांवर मोजत होता. दोन बोटं पुन्हा पुन्हा मोजायला वेळ लागत नाही, तरी तो मोजत होता.

सकाळी मी खुंट्या उपटायला उठलो तर टेम्पोशेजारी दोन डबे. मुकादम स्वतः उभा, घामाघूम, एक डबा टाकीत ओतत होता.

"चाळीस आहे," तो म्हणाला. "आत्ता निघा. तंबू मी काढवून घेतो, मागून पाठवतो, पण निघा."

"काय झालं?" दादानं विचारलं.

मुकादमानं कार्यालयाकडं बोट केलं. खिडकीपासून वजनकाट्यापर्यंत रांग लागली होती. कुणी ओरडत नव्हतं, कुणी दगड उचललेला नव्हता, आणि तिथं दगडांना तोटा नव्हता. सगळे हात पुढं करून उभे होते.

"पहाटेपासून असेच आहेत. काय पाहिजे विचारलं तर म्हणतात, पुढचा अंक. तुम्ही गेलात की मोडेल रांग."

आम्ही तंबू त्याच्यावर सोडला नाही. तेवढा विश्वास कुणाचाच कुणावर नव्हता. तासाभरात सगळं टेम्पोत चढवलं. वहिनीला मागं बाळाच्या गादीवर आडवं केलं, शेजारी आई बसली, तिच्या उशाशी प्लास्टरची कोंबडी, फुटू नये म्हणून. बाबा पुढं बसले. पोट बांधलेलं नसल्यामुळं पुढच्या सीटवर आम्ही पहिल्यांदाच तिघं मावलो.

टेम्पो रांगेशेजारून जाऊ लागला. सुरुंगवाला सगळ्यात पुढं, गाल हातात. त्यानं मान हलवली, हात मात्र खाली घेतला नाही. नंबर जाईल म्हणून. खिडकीचं दार आतून बंद होतं.

"रांग मोडली नाही," दादा म्हणाला.

"चांगली धरली आहे," बाबा म्हणाले. "आमच्याकडं पंधरा दिवस तालीम करूनसुद्धा अशी येत नाही."

मागून कुणीतरी पत्र्यावर थापा मारल्या. दादानं ब्रेक लावला. एकडोळी आजी धापा टाकत मागच्या फळकुटाशी आली होती. रांगेतला नंबर तिनं आपली काठी ठेवून धरला होता. तिनं मुठीतलं फडकं सोडलं. आत कालचं अर्धं अंडं होतं, कडेला जरा सुकलेलं.

"हे घे," ती आईला म्हणाली.

"कशाचं? तुमचा हिशेब झाला."

"नाही झाला. काल दुसऱ्या डोळ्यातूनही पाणी आलं. त्याचं तिकीट राहिलं होतं."

आईनं हिशेब बघितला. त्यात खोट सापडेना. तिनं अर्धं अंडं घेतलं आणि वहिनीच्या हातात दिलं. वहिनीनं पडल्या पडल्या ते खाल्लं, आजी उभी राहून तिचं खाणं संपेपर्यंत बघत राहिली, मग म्हणाली, "जा आता," आणि आपल्या काठीमागं जाऊन उभी राहिली.

दादानं गिअर टाकला. नव्वद किलोमीटर होते आणि बाळ अजून आडवं होतं.